विक्रांतचे भंगार

नगर जिल्ह्याला समुद्र नाही; परंतु निवृत्त युद्धसाधनाचे काय करावे, याचे एक उत्तर नगर शहरात उभे आहे. चिलखती दलाने १९९४ मध्ये तेथे रणगाडा संग्रहालय उघडले. १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन खेड्यापाड्यांतील शाळकरी मुले तेथे जवळून पाहतात. विक्रांतच्या नशिबी हे आले नाही.

४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला ही विमानवाहू नौका भारतीय नौदलात दाखल झाली. समारंभास विजयालक्ष्मी पंडित होत्या. ज्यांचे बंधू १९४२ पासून आचार्य नरेंद्र देवांसह नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते, त्याच. १९७१ मध्ये एक बॉयलर निकामी असताना तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली आणि २००१ पासून संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येऊ लागली. ज्या तळावरून विमाने झेपावली, त्यावर सामान्य माणूस उभा राहू शकला. २०१२ मध्ये ती धोकादायक ठरवून बंद करण्यात आली.

रणगाडा जमिनीवर ठेवता येतो. खाऱ्या पाण्यातले पोलाद रोज गंजते, तळाच्या दुरुस्तीसाठी जहाज गोदीत घ्यावे लागते. हा खर्च कायमचा असतो, हे मान्यच केले पाहिजे. पण राज्य शासनाने कायमच्या तरतुदीऐवजी खासगी भांडवलाची वाट पाहिली, आणि अखेर संग्रहालय परवडत नाही असे न्यायालयात सांगितले. स्वातंत्र्याच्या स्मृतीने नफा मिळवून द्यावा, ही अपेक्षाच विचित्र! २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकलेली विक्रांत मुंबईच्या दारूखान्यात तोडली गेली. गॅसकटर चालवणारे कामगार हेच तिचे शेवटचे प्रेक्षक. पुढे तिचे पोलाद वितळवून एका कंपनीने २०१६ मध्ये मोटारसायकलींबरोबर देशभक्तीही विकली.

विराटच्या बाबतीत तेच घडले. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातील निवतीजवळ ८५२ कोटींच्या संग्रहालयास मान्यता दिली, तीही खासगी सहभागाच्या भरवशावर. २०२० मध्ये नौका अलंगला तोडायला गेली.

यापुढे जहाज स्वीकारण्याची घोषणा होईल, तेव्हा गोदीखर्चाची रक्कम अर्थसंकल्पात कोणत्या शीर्षाखाली आहे, हे विधिमंडळात विचारले गेले पाहिजे. आणि पाथर्डीहून एसटीने येणाऱ्या ऊसतोड कामगाराला तिकीट परवडेल काय, हेही.