पुस्तक फुकट, पण परवानगी कोणाची?



गेल्या महिन्यात शाळा सुटताना एक पालक भेटायला आले. आठवडी बाजारात भाजी विकतात. मुलगा दुसऱ्या एका शाळेत नववीला आहे. मोबाइल पुढे करून म्हणाले, "आपा, हे बघा. टोमॅटो, वांगी, मिरची कशी लावायची याचं अख्खं पुस्तक सरकारनंच फुकट दिलंय, तेही नववीसाठी. पण पोराच्या शाळेत विचारलं तर म्हणतात, आम्हाला परवानगी नाही. खरं काय?"

प्रश्न रास्त होता. असाच प्रश्न आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत असेल, म्हणून उत्तर इथेच लिहिते.

ते पुस्तक खरंच सरकारी आहे. भोपाळला एनसीईआरटीची पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था आहे. 1993 साली ती सुरू झाली. केंद्राने डिसेंबर 2013 मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. त्यानुसार ही संस्था नववी ते बारावीसाठी एकेका कामाचं पुस्तक तयार करते. ही पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात.

मग शाळा ते लगेच का लावत नाही? कारण केंद्राने पुस्तक काढलं म्हणून ते आपोआप राज्याच्या शाळेचं पाठ्यपुस्तक होत नाही. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही विषय झालं. महाराष्ट्रात दहावी-बारावीची परीक्षा राज्य मंडळ घेतं आणि मंडळ 1965 च्या कायद्याने चालतं. कोणता विषय परीक्षेला धरायचा, हे मंडळाच्या विषय योजनेत ठरतं. अल्पसंख्याक संस्थेची शाळा असली तरी मुलं मंडळाच्या परीक्षेला बसणार असतील तर हाच नियम. शिवाय समग्र शिक्षा योजनेत मंजुरी मिळालेल्या शाळेलाच या विषयासाठी प्रशिक्षक आणि साहित्य मिळतं.

म्हणजे मुख्याध्यापकांचं उत्तर खोटं नव्हतं. पण ते अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं असं. प्रत्येक पुस्तकासाठी सरकारला नवा कायदा करावा लागतो का? हा वाद 1955 सालीच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पंजाब सरकारने पाठ्यपुस्तकं स्वतः काढायला सुरुवात केली. खासगी प्रकाशक म्हणाले, कायद्याशिवाय सरकारला हा अधिकार नाही. राम जवाया कपूर खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. न्यायालयाने सांगितलं की, खर्चाला विधिमंडळाची मंजुरी असेल आणि कोणाच्या हक्कावर गदा येत नसेल, तर सरकार आपल्या कार्यकारी अधिकारात हे काम करू शकतं. वेगळा कायदा लागत नाही. याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे: दार कायद्याने बंद केलेलं नाही. शाळेने प्रस्ताव द्यायचा असतो. आणि पालकांनी मागणी केली नाही तर शाळा तरी कशाला धावपळ करील?

"फुकट" या शब्दाबद्दलही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि तो 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी, आठवीपर्यंतच आहे. नववीचं छापील पुस्तक मोफत मिळणं हा त्या कायद्याचा हक्क नाही. ते योजनेवर अवलंबून असतं. आणि पुस्तक उतरवून वाचायला मोकळीक असली तरी कोणी त्याच्या प्रती छापून विकू शकत नाही. एनसीईआरटीचा त्यावर स्वामित्वहक्क आहे. कोणी झेरॉक्सचा गठ्ठा विकायला आणला तर घेऊ नका.

मग पालकांनी करायचं काय? शाळा व्यवस्थापन व विकास समितीच्या बैठकीत किंवा मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन तीन प्रश्न विचारा.

एक, आपल्या शाळेत व्यावसायिक विषय मंजूर आहे का? नसेल तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवणार का?

दोन, हा विषय घेतला तर कोणता विषय सुटणार? हे जरूर विचारा. मंडळाच्या योजनेत व्यावसायिक विषय एखाद्या भाषेच्या जागी घेता येतो. हुनर हवं म्हणून घाईत सही केली आणि मुलाची उर्दू सुटली, असं व्हायला नको. मूल आणि आई-वडील दोघांनी बसून ठरवावं.

तीन, पुस्तक शाळा देणार की मोबाइलवर वाचायचं? घरात एकच फोन असेल तर तसं अर्जातच लिहा.

मंजुरी येईपर्यंत पुस्तक बंद करून ठेवायची गरज नाही. परीक्षेचं पुस्तक म्हणून नाही, पण पूरक वाचन म्हणून शिक्षक त्यातला धडा वर्गात वाचून दाखवू शकतात. घरी तर कोणाचीच आडकाठी नाही.

त्या भावाने माझ्यासमोरच बसून मराठीत अर्ज लिहिला. मी फक्त दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. निघताना त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते: अर्जाच्या दोन प्रती काढा आणि दुसरीवर शाळेच्या शिक्क्यासह पोच घ्या. पोच हातात असली की अर्जाचं काय झालं, हे पुढच्या महिन्यात विचारायला जाता येतं.