संध्याकाळची वीज आणि दाभोळचा धडा

मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवाल्यांना दोन गोष्टी आधी लागतात, डिझेल आणि बर्फ. माझा बर्फाचा कारखाना आहे, म्हणून विजेचं बिल मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. वर्षानुवर्षं त्यातला हिशेब एकच होता. रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सूट, संध्याकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जादा. रात्रभर कॉम्प्रेसर दामटायचा, दिवेलागणीला हात आखडता घ्यायचा. वीज नियामक आयोगाच्या 2025 च्या दरआदेशांनी हे उलटं केलं. आता सूट सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आणि पाचनंतर मध्यरात्रीपर्यंत जादा आकार.

कारण उघड आहे. सौरऊर्जा इतकी वाढली की दुपारी वीज पडून राहते. वीज बाजारात पंधरा-पंधरा मिनिटांचे सौदे होतात. तिथे एखाद्या रविवारी दुपारी भाव जवळजवळ शून्याला येतो आणि उन्हाळ्यात सूर्य मावळला की दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो. शेतीपंप दिवसा चालवायला घेतले, हे चांगलंच झालं. रात्री बिबट्याच्या धाकात पाणी द्यायला कुणी जाऊ नये.

मीही पाळ्या बदलल्या. पण दुपारी कंडेन्सरवर फिरणारं पाणीच कोमट असतं. अमोनियाचा दाब चढतो, तेवढ्याच लाद्यांना जास्त युनिटं जातात आणि सवलतीचा एक घास तिथेच जातो. तरी परवडतं, कारण दुपारी केलेली लादी गोदामात रात्रभर टिकते. घरच्या दिव्या-पंख्याला ही सोय नाही. नोकरदार माणूस दुपारची सूट घ्यायला घरी थोडाच असतो?

तेव्हा खरी टंचाई संध्याकाळची आहे, आणि तिचे दोन्ही धडे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. एक पोफळीला, कोयना जलविद्युत प्रकल्पाचा. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट, पण पश्चिमेकडे वळवायला मिळतं ते वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी. ते भर दुपारी खर्चणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. दुसरा गुहागर तालुक्यात. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प 1999 साली नाफ्त्यावर सुरू झाला आणि 2001 मध्ये बंद पडला. वीज घ्या न घ्या, स्थिर आकार द्यायचाच, तोही डॉलरशी बांधलेला, असा तो करार होता. पुढे कंपनी बदलली, 1,967 मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला, पण गॅसचा भाव काही आपल्या हातात आला नाही. एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं एकक) दहा-बारा डॉलरने गॅस मिळाला तरी नुसतं इंधनच युनिटला सहा-सात रुपये. 2022 साली युक्रेन युद्धानंतर आशियात एलएनजीने चाळीस डॉलर ओलांडले, तेव्हाचा गुणाकार न केलेलाच बरा.

आता सह्याद्रीत पाणी वर चढवून साठवणाऱ्या प्रकल्पांच्या करारांची रांग लागली आहे. घाटघरला असा 250 मेगावॅटचा प्रकल्प 2008 पासून आहेच. साठवणूक हवी, यात वाद नाही. पण चाळीस-चाळीस वर्षांचा स्थिर आकार कबूल करताना दाभोळची फाइल एकदा उघडावी. बॅटऱ्या झपाट्याने स्वस्त होत आहेत. आज गळ्यात बांधून घेतलेला दर दहा वर्षांनी कोण फेडणार? ग्राहकच.

त्याआधी बिनखर्चाचं काम करा. ज्यांना वापर दुपारी हलवता येतो, त्यांना दराचा भरवसा द्या. 2025 मध्ये मार्चअखेर एक आदेश आला, काही दिवसांत त्याला स्थगिती मिळाली, जूनमध्ये तो बदलून पुन्हा आला. अशा दरावर यंत्रं कोण घेणार? वाढीव बर्फगोदामाचं कोटेशन माझ्या टेबलावर पडून आहे. दुपारची सवलत पाच वर्षं हलणार नाही असं आयोगाने लिहून दिलं, तर उद्याच ऑर्डर देतो.