आजची गाडी झाका, कालची चूक उघडा

आमच्या शिरूरवरून पुणे-अहिल्यानगर रस्ता जातो आणि दौंडवरून मनमाडची रेल्वे. अहिल्यानगरला रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे लष्करी ताफा किंवा मालगाडीवर चढवलेले रणगाडे आम्हाला नवे नाहीत. नवा आहे तो मोबाईल. गाडी दिसली की रील, मागे देशभक्तीचं गाणं, खाली ‘दौंड जंक्शन’.

मी स्पष्टच सांगतो : ही देशभक्ती नाही, बिनपगारी हेरगिरी आहे.

हेर कुलूपबंद फायली चोरतो, हे सिनेमात. प्रत्यक्षात सैन्याच्या हालचालींची बातमी साध्यासाध्या गोष्टी जोडून तयार होते. तुमच्या रीलमध्ये वॅगन मोजता येतात, स्टेशनची पाटी दिसते, वेळ कळते. तिला मनमाडच्या पोराची रील जोडली की दिशा आणि वेगही कळतो. शत्रूला दौंडला माणूस ठेवायची गरजच काय? पहलगामच्या हल्ल्यानंतर २६ एप्रिल २०२५ला केंद्र सरकारने सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका अशी सूचना काढली, ती वाहिन्यांइतकीच सोशल मीडिया वापरणाऱ्यांसाठीही होती.

मग गप्प बसायचं? अजिबात नाही. १९९९च्या मे महिन्यात हरवलेला याक शोधायला निघालेल्या ताशी नामग्याल या मेंढपाळाला बटालिकच्या डोंगरात घुसखोर दिसले. त्याने ते थेट लष्कराला सांगितलं. युद्ध संपल्यावर के. सुब्रह्मण्यम समितीने गुप्तवार्ता कुठे कमी पडली ते तपासलं आणि काही भाग वगळून अहवाल संसदेत आला. हा क्रम बरोबर आहे : आधी मौन, मग हिशोब.

१९६२चा हिशोब मात्र अजून बाकी आहे. चीनविरुद्धच्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ साली, आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, तयार झाला. सरकारने तो आजवर प्रसिद्ध केलेला नाही. २०१०मध्ये केंद्रीय माहिती आयोगानेही तो उघड करायला नकार दिला. त्या लढाईतल्या किती चौक्या आज शाबूत असतील?

आपल्याकडे सगळं उलटं आहे. सैन्याची आजची गाडी जगाला दाखवणारा देशभक्त ठरतो आणि साठ वर्षांपूर्वीच्या चुकीबद्दल विचारणारा देशद्रोही. गाडीतल्या जवानाचा जीव मात्र दोन्हीकडून जातो, आज फुटलेल्या बातमीने आणि काल न शिकलेल्या धड्याने.

तेव्हा गाडी दौंडला थांबली तर हात हलवा, पाणी द्या, मोबाईल खिशात ठेवा. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा : १९६२चा अहवाल कधी उघडणार?