माती कोणाच्या मालकीची?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मिस्सा आटोपून आम्ही पडवीत आलो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक विधवा भगिनी खांबाला टेकून उभ्या होत्या. हातातील कापडी पिशवीत पांढऱ्या रुमालात बांधलेला तांब्याचा कलश होता. त्यांचे यजमान २०२१ च्या एप्रिलमध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, दूरच्या एका इस्पितळात वारले. घरची माणसे त्या वेळी अंथरुणाला खिळलेली. पालिकेच्या कामगारांनी देहाला अग्नी दिला आणि काही दिवसांनी राख तेवढी हाती आली. तेव्हापासून तो कलश येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखालील कपाटात होता. "फादर, ह्यांना आत घ्याल का?" एवढेच त्यांनी विचारले. यापूर्वी त्या दफनभूमीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींकडे जाऊन आल्या होत्या आणि 'जळालेल्यांना येथे जागा नाही' हे उत्तर घेऊन परतल्या होत्या.

हे उत्तर कोणत्या धर्मग्रंथातून आले, याचा शोध घेण्यासाठी हा लेख आहे. आरंभीच आमचाही दोष कबूल करतो. दीक्षा घेऊन दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हा एका कुटुंबाने दहनाविषयी आम्हांस विचारले होते. सेमिनरीत कॅनन लॉ शिकलेले असूनही 'चर्चला ते आवडत नाही' असे तुटक उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. ते कुटुंब पुन्हा काही विचारावयास आले नाही.

पवित्र ख्रिस्तसभेचे म्हणणे काय आहे? १८८६ साली रोमने दहनाला स्पष्ट मनाई केली. त्या काळी युरोपात दहनाचा पुरस्कार करणाऱ्यांत पुनरुत्थानाची उघड टिंगल करणारे बरेच होते आणि मनाईचा रोख त्यांच्यावर होता. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्याने ती मनाई कायम ठेवली. १९६३ मध्ये ती शिथिल झाली. १९८३ च्या कायद्यातील ११७६ वे कलम सांगते, की दफनाची पुण्यशील प्रथा राखावी अशी ख्रिस्तसभेची मनापासून शिफारस आहे. परंतु ख्रिस्ती शिकवणुकीला विरोध म्हणून निवडलेले नसेल तर दहनाला मनाई नाही. म्हणजे जी बंदी उठून साठ वर्षे झाली, ती आमच्या फाटकावर आजही पहारा देत आहे.

दफनाचा पुरस्कार आम्हीही करतो, हे येथे निक्षून सांगावयास हवे. ज्या देहाला स्नानसंस्काराचे पाणी लागले आणि ज्याने ख्रिस्तशरीर स्वीकारले, तो देह टाकाऊ नव्हे. गव्हाचा दाणा मातीत पडतो, ही प्रभूने दिलेली प्रतिमा आहे आणि संत पौलाने तीच करिंथकरांपुढे ठेवली. परंतु दाण्याला नवे जीवन देणारा देव आहे, माती नव्हे. इ. स. १७७ मध्ये लिऑन येथील रक्तसाक्ष्यांचे देह छळ करणाऱ्यांनी जाळले आणि राख ऱ्होन नदीत फेकली. या लोकांना आता पुनरुत्थानाची आशाच उरू नये, असा त्यांचा हेतू होता. ज्यांची राखही नदीने नेली, त्या साक्ष्यांना ख्रिस्तसभा आज संत म्हणून वंदन करते. मग 'जळालेला पुनरुत्थानाला मुकतो' असे म्हणणारा आमचा धर्मबंधू, नकळत का होईना, कोणाच्या बाजूला जाऊन उभा राहतो?

'दहन हे हिंदूंचे, दफन हे आपले' असा दुसरा युक्तिवाद असतो. लिंगायत समाज दफन करतो, संन्याशांना समाधी दिली जाते, तान्ह्या मुलांना तर कितीतरी हिंदू घरांतून मातीच देतात. उलट यावेशगिलादच्या वीरांनी शौल राजाचा देह जाळला आणि अस्थी झाडाखाली पुरल्या, हे पहिल्या शमुवेलाच्या शेवटच्या अध्यायात कोणीही वाचून पाहावे. आणि राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेण्यासाठी रांग लावणाऱ्या आम्हांला त्याच राखेचा विटाळ केव्हापासून वाटू लागला?

मार्च २०२० मध्ये मुंबई महापालिकेने साथीतील सर्व मृतांचे दहनच करावे असा आदेश काढला आणि तो त्याच दिवशी बदलावा लागला. मे महिन्यात वांद्र्याच्या दफनभूमींविरुद्धचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला; दफनाने साथ पसरते याला आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा हक्क आहे, असे म्हटले. आम्हांला तो निकाल ऐकून आनंद झाला. पण त्याच वर्षी जुलैमध्ये केरळातील आलप्पुळा धर्मप्रांताने जे केले, ते आम्हांस अधिक शिकवून गेले. तेथील किनारा वाळूचा आणि पाणी हाताच्या अंतरावर. नियमाप्रमाणे खोल खड्डा घेणे अवघड. बिशपांनी दहनाला अनुमती दिली, चर्चच्या दफनभूमीतच चिता रचली गेली आणि अस्थी तेथेच पुरल्या. वसईच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागू नये. श्रावणात कबर खणताना कमरेइतक्या खोलीवर पाणी लागते, मोटार लावून ते उपसावे लागते आणि पेटी खाली सोडताना तिच्याखाली पाणी वाजते. नातलग तो आवाज ऐकतात. आम्हीही प्रार्थना म्हणता म्हणता ऐकतो.

मात्र राख कपाटात ठेवणेही योग्य नव्हे. २०१६ साली व्हॅटिकनने सांगितले, की अस्थी पवित्र जागी ठेवाव्यात. त्या विखरू नयेत, वाटून घेऊ नयेत, दागिन्यांत मढवू नयेत. मृत माणूस केवळ कुटुंबाचा नसतो, त्याच्यासाठी सबंध ख्रिस्तसभा प्रार्थना करते, हा त्यामागील विचार. डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एक खुलासा आला: अनेकांच्या राखेसाठी एक सामाईक पवित्र जागा करता येते, फक्त प्रत्येकाचे नाव तेथे राहावयास हवे. हे नियम आम्ही त्या भगिनींना सांगू शकलो असतो. पण ज्यांना फाटकावरून परत पाठवले, त्यांना कलश घरी का ठेवलात, असे कोणत्या तोंडाने विचारणार?

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी हाती घेतली, तिच्याकडे वळतो. देह अखंड राहावा, मातीत राहावा, असा आग्रह धरणारी ही मंडळी खरोखर मातीची चाहती आहेत काय? आमच्या दफनभूमीचा मोठा भाग कायमच्या कबरींनी व्यापला आहे. देणगी दिली, पावती घेतली, संगमरवर बसवला. वर ग्रॅनाइटमध्ये कोरलेला फोटो, अलीकडे तर रात्री लुकलुकणारे दिवेही. उरलेल्या पट्ट्यात सामान्यांच्या कबरी. तेथे जागा लागली की काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात, अस्थी काढून सामाईक खड्ड्यात ठेवतात आणि दुसऱ्याला जागा करून देतात. गरिबाच्या अस्थी अशा हलवल्या जातात, तेव्हा देहाच्या पावित्र्याची चर्चा कोणी केल्याचे आम्हांस स्मरत नाही. पुनरुत्थानाला त्या खड्ड्याची अडचण होत नसेल, तर कलशाची का व्हावी? या मंडळींना ओढ आहे ती मालकीची. अब्राहामाने चारशे शेकेल रुपे मोजून मकपेलाची गुहा घेतली, हा दाखला आम्हांस ऐकवला जातो. अब्राहाम परक्या मुलखात उपरा होता. त्याला पुरावयास जागाच नव्हती. आमच्याकडे ती आहे आणि आम्ही ती दगडाने अडवून ठेवली आहे.

संत मोनिकेने पतीशेजारी स्वतःसाठी जागा राखून ठेवली होती आणि ती गोष्ट तिच्या मनाला फार लागून होती, असे तिचा पुत्र संत आगुस्तीन सांगतो. ३८७ साली ओस्तिया येथे, घरापासून समुद्रपार, मरण समोर आले तेव्हा तिने तो हट्ट सोडला. कोठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिचे मागणे उरले.

वाचकहो, दफनाची प्रथा टिकावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी संगमरवराचा मोह आधी सोडावा. जागा नाही म्हणून उद्या आमची मुलेच दहनाकडे वळतील, आणि त्या वेळी दोष त्यांच्या श्रद्धेला देता येणार नाही.

त्या भगिनींचा कलश आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर, त्यांच्या सासूसासऱ्यांना जेथे माती दिली होती त्या ओळीत पुरला. व्यवस्था पाहणाऱ्यांपैकी दोघे आले नाहीत. तिसरे आले, त्यांनी स्वतः फावडे घेतले आणि माती लोटली. बोलले काही नाही. कायमच्या कबरींसाठी आलेले चार अर्ज आमच्या टेबलाच्या खणात आहेत. धर्मग्राम परिषदेच्या येत्या बैठकीत ते निघतील तेव्हा आम्ही त्यांवर सही करणार नाही, हे अर्जदारांना येथूनच कळवतो.