भावकीपलीकडची सावड

रक्तावर जगणारी वटवाघळे आपल्याकडे नाहीत. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारच्या जुन्या वाड्यांत, आडांत आणि वडा-पिंपळांवर जी लटकतात ती बहुतेक फळे नाहीतर किडे खाणारी. रक्त पिणारी जात मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत आढळते, आणि गेली चाळीस वर्षे शास्त्रज्ञ तिच्या मागे आहेत ते तिच्या एका रीतीमुळे. या प्राण्याचे पोट हातावर आहे. रोज रात्री गुरांचे रक्त मिळाले तर ठीक, सलग दोन-तीन रात्री उपास घडला तर मरण. कोस्टा रिकातील निरीक्षणांवरून जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये मांडले, की कोणत्याही एका रात्री दोन वर्षांखालच्या वटवाघळांपैकी सुमारे ३० टक्के आणि मोठ्यांपैकी ७ टक्के रिकाम्या पोटी परततात. असे उपाशी वटवाघूळ सोबत्याला बिलगते, त्याचे अंग चाटून साफ करते, तोंडाशी तोंड नेते. आणि तो सोबती आपल्या पोटातले रक्त वर काढून त्याला चाटू देतो. तेवढ्या घोटांवर पुढची रात्र गाठता येते.

देणारा कोण असतो, हा यातला खरा प्रश्न आहे. आई-लेकीचा वाटा मोठा असतो, यात शंका नाही. पण जेराल्ड कार्टर आणि विल्किन्सन यांनी पाळलेल्या वटवाघळांना आळीपाळीने उपाशी ठेवून दोन वर्षे नोंदी केल्या, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष दिला तो असा: कोण कोणाला भरवणार हे रक्ताच्या नात्यापेक्षा पूर्वी मिळालेल्या मदतीवरून आठपटीहून जास्त नेमके सांगता येते. कार्टर यांच्या चमूने पुढे एक कठोर प्रयोग केला. ज्या मादीला मुख्यतः आई किंवा लेक भरवत असे, तिच्यापासून तो आधारच काही काळ दूर केला. ज्या माद्यांनी नात्याबाहेरही संबंध जोडले होते, त्यांना या काळात कमी झळ बसली. आणि हे संबंध एका रात्रीत जुळत नाहीत. एकमेकांना अनोळखी वटवाघळे एकत्र आणली, तर आधी नुसती अंग साफ करण्याची देवघेव वाढत जाते आणि काही जोड्यांत पुष्कळ दिवसांनी अन्नापर्यंत पोचते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात विश्वास कसा वाढतो हे टप्प्याटप्प्याने दिसते.

आता आपल्याकडे, सिंदफणा नदीच्या काठी या. सावड इथल्या माणसाला शिकवावी लागत नाही. एकाच्या दावणीला एक बैल, दुसऱ्याच्या दावणीला एक. दोघे मिळून औत होते. आज तुझे रान, उद्या माझे. खुरपणीला, कापूस वेचायला बाया अशाच एकमेकींच्या रानात जातात, हजेरी पैशात न मोजता दिवसाला दिवस फेडतात. ट्रॅक्टर आला, मजुरी रोखीची झाली आणि सावड आटली, तरी अडीनडीला ती आजही कामी येते. या सावडीतला जोडीदार भावकीबाहेरचा, जातीबाहेरचा असणे ही निव्वळ मनाच्या मोठेपणाची बाब नाही, शहाणपणाची आहे. भावकीचे रान एकाच शिवारात, बांधाला बांध लागून असते. पाऊस दडी मारतो तेव्हा सगळ्यांचीच बाजरी करपते. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणेला पूर आला तेव्हा काठच्या चुलत्या-पुतण्यांचे एकदमच गेले. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीसाठी साखर कारखान्याकडे निघतो, तेव्हा बहुधा भावबंदही त्याच टोळीत असतात. मागे उरलेल्या म्हाताऱ्या माणसांना रात्री दवाखान्यात न्यायला जो येतो, तो बऱ्याचदा वेगळ्या आडनावाचा शेजारीच असतो. जे एकाच संकटात एकाच वेळी सापडतात, ते एकमेकांना किती तारणार?

म्हणूनच बीड जिल्ह्यात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर अमक्या समाजाच्या दुकानातून माल घ्यायचा नाही अशी जी भाषा सुरू झाली, ती मला गरिबाच्या मुळावर उठलेली वाटते. त्याच वर्षी डिसेंबरात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि समाजासमाजांतली दरी आणखी रुंदावली. पुढे पोलिस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या पाट्यांवरून आडनावे काढून नुसती नावे ठेवायला सांगितले. पाऊल चांगले होते. पण पोलिसाला आडनाव लपवावे लागावे, यावरून दुखणे किती खोल गेले आहे ते कळते. बहिष्काराची शपथ घालणाऱ्याला उसनी पोतेभर ज्वारी लागत नाही. ज्याला लागते, त्याचे उसने देणारे दार त्या शपथेने बंद होते.

यावर कोणी म्हणेल, माणसाने वटवाघळाकडून नीती का शिकावी? शिकू नये. निसर्गात घडते म्हणून योग्य, असे मी म्हणत नाही; ज्याचे पोट रोजच्या मिळकतीवर आहे त्याला आधार कुठून मिळतो, एवढाच माझा मुद्दा आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जुन्या गावगाड्यात तरी कुठे बरोबरीची सावड होती? दलितांच्या वाट्याला आली ती राबणूक, आणि तिला नाही म्हणायची सोय नव्हती. हे अगदी खरे आहे आणि म्हणूनच जुने गाव परत आणा असे मी सांगणार नाही. ज्या देवघेवीत एकालाच नकार देता येतो, तिला सावड म्हणू नये. आजचा महिला बचत गट, जिथे वेगवेगळ्या वस्त्यांतल्या बाया सारखीच रक्कम भरतात आणि सारख्याच हक्काने कर्ज उचलतात, तो मला जुन्या बलुत्यापेक्षा कितीतरी सरस वाटतो. तिसरे म्हणणे असे, की हे सरकारचे काम आहे. पीकविमा, छावण्या, ऊसतोड कामगारांसाठीचे गोपीनाथ मुंडे महामंडळ हे सारे हवेच, आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पण पंचनामा होऊन पैसे खात्यावर यायला महिने लागतात, चूल संध्याकाळीच पेटवावी लागते.

सरकारला आजच करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला. त्याचा रोख मुख्यतः एखाद्या समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्यावर आहे. एका समाजाने दुसऱ्याचे दुकान, मजुरी, पाणी तोडण्याची जाहीर हाक देणे त्याच कायद्यात स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवावे, आणि बीडच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती मागावी.