फळ्याच्या कोपऱ्यातला तक्ता मुलांच्या हाती द्या

संपादक महोदय,


जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात खडूने आखलेला एक छोटा तक्ता असतो. वर मुले, मुली, एकूण. बाजूला पट आणि हजर. रोज सकाळी गुरुजी किंवा बाई कालचे आकडे पुसून आजचे लिहितात. तो तक्ता तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंसाठी असतो. समोर बसलेली मुले वर्षभर त्याच्याकडे बघतात, पण तो वाचत नाहीत, कारण तो वाचायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. माझी मागणी एवढीच आहे की दुसरीपासून हा तक्ता मुलांनी भरावा आणि मुलांनीच वाचावा.

मी नळदुर्ग परिसरातल्या शाळांत बरीच वर्षे पहिली ते चौथी शिकवली. एकदा तिसरीच्या वर्गाला विचारले, ‘‘आज सगळ्यात जास्त हजर कोण, मुलं का मुली?’’ पुढच्या बाकावरून उत्तर आले, ‘‘बाई, एकूण लई हायेत की!’’ वर्ग हसला नाही, कारण निम्म्या वर्गाला तेच बरोबर वाटत होते. त्या दिवशी मला माझी चूक कळली. मी हातच्याची बेरीज शिकवली होती, पण ‘एकूण’ हा तिसरा गट नसून पहिल्या दोघांचीच बेरीज आहे, हे कधी दाखवले नव्हते. मुलाला आकडा वाचता येतो. तो आकडा कोणाचा, हे मात्र वरच्या आणि बाजूच्या शब्दांत असते, आणि तिथवर मुलाची नजर जात नाही.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. एक बोट बाजूच्या शब्दावर, दुसरे वरच्या शब्दावर. दोन्ही सरकवत आणायची. भेटतील त्या घरातला आकडा पूर्ण वाक्यात सांगायचा : ‘‘आज पंधरा मुली हजर आहेत.’’ नुसते ‘‘पंधरा’’ चालणार नाही. मुले हे आठवडाभरात शिकतात. मग खरे प्रश्न सुरू करता येतात. समजा पट मुले १४, मुली १६. हजर मुले ११, मुली १५. गैरहजर कोण जास्त? हे उत्तर फळ्यावर लिहिलेले नाही, ते काढावे लागते. ३ मुले आणि १ मुलगी. शाळेच्या खिचडीसाठी पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. मग आजच्या २६ जणांना तांदूळ किती? २ किलो ६०० ग्रॅम. गुणाकार शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला मिळालेले नाही, कारण त्याचे उत्तर दुपारी ताटात पडते.

‘‘आधी बेरीज-वजाबाकी पक्की होऊ द्या, तक्ते नंतर,’’ असे माझे सहकारी म्हणत. त्यांची अडचण मी जाणते. ५ जुलै २०२१ रोजी पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे निपुण भारत अभियान सुरू झाले. तिसरीच्या मुलाला ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, हे त्याचे लक्ष्य सगळ्यांना पाठ आहे. माहितीचे व्यवस्थापनही त्याच पायाभूत संख्याज्ञानात येते, पण ते कोणाच्या तोंडी नसते. पाठ्यपुस्तकात ताळ्याच्या खुणा आहेत, चित्रालेख आहेत. तो भाग दोन तासांत उरकला जातो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. वजाबाकी पक्की झाल्यावर तक्ता वाचायचा, असे नसते. ‘किती जास्त’ हा प्रश्न दोन रकान्यांमध्ये उभा राहिला की वजाबाकी कशासाठी हे मुलाला समजते. नाहीतर ‘जास्त’ शब्द दिसला की मूल डोळे झाकून बेरीज करते.

आता थोडे शाळेबाहेर. पावसाळ्यात आपल्या दैनिकात महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे येतात. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरली जाते, आणि पुढचे पंचनामे, मदत त्यावर हलते. सोयाबीन पाण्यात गेलेल्या घरातल्या मुलाला नळदुर्ग मंडळाच्या ओळीवर बोट ठेवून आजोबांना तो आकडा वाचून दाखवता आला पाहिजे. आणि शून्य व रिकामी जागा यांतला फरकही कळला पाहिजे. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामी जागा म्हणजे नोंदच नाही. मोठ्या माणसांनाही इथे गफलत होताना मी पाहिली आहे.

सातबाऱ्याचेही तेच. त्यातला गाव नमुना बारा हा पिकांचा तक्ताच आहे. पण आपल्याकडे कागद हातात आला की माणूस नाव शोधतो, नाव सापडले की घडी घालून खिशात ठेवतो. आमच्या घरी एका हंगामात तूर पेरली होती आणि रकान्यात दुसरेच पीक लागले होते. हे कळले तेव्हा दुरुस्तीची मुदत टळून गेली होती. घरात शिकलेली तीन माणसे होती, मी धरून. ती बोच अजून गेलेली नाही.

मुलांना गोडी लागेल असा विषय तर आपल्या दारात आहे. बोरी नदीला पाणी आले की नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबे कोसळतात आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या गाड्या इकडे वळतात. चौथीच्या वर्गाने जून ते ऑक्टोबर भिंतीवर एक तक्ता ठेवावा : आठवडा, पाऊस किती मिलिमीटर, धबधबा वाहतो का. एखाद्या आठवड्यात पाऊस भरपूर आणि धबधबा कोरडा दिसेल. दुसऱ्यात पाऊस थोडा आणि पाणी धो-धो. का, हे तक्ता सांगणार नाही. मग मुले धरणाबद्दल, वरच्या गावांतल्या पावसाबद्दल विचारतील. तो प्रश्न मुलाच्या तोंडून येणे मला चित्रालेखाच्या दहा गुणांहून मोठे वाटते.

आपला जिल्हा २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. ४९ निर्देशकांवर दिल्लीत त्याचे मोजमाप होते, आणि त्यासाठी शिक्षक दिवसभर ‘माहिती तातडीने सादर करा’ या निरोपांपायी रकाने भरत असतात. ते ओझे मी वाहिले आहे. त्यात भर घाला असे मी म्हणणार नाही. फळ्याचा तक्ता तर रोज लिहिलाच जातो. खडू फक्त मुलांच्या हाती द्यायचा आहे.

आपल्यालाही एक विनंती. पावसाचा तक्ता छापताना वर ‘मिलिमीटर’ हा शब्द आणि तारीख न चुकता द्यावी. पाऊस नसेल तिथे शून्य आणि नोंद मिळाली नसेल तिथे ‘नोंद नाही’ असे स्पष्ट छापावे. अक्षर जरा मोठे ठेवलेत तर आमची तिसरीतली मुले तो कापून वहीत चिकटवतील.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
नळदुर्ग, ता. तुळजापूर, जि. धाराशिव