स्वतःची काळजी घ्या, पण केव्हा?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या आरोग्य शिबिरात आम्ही सांगत होतो : रोज अर्धा तास चाला, वेळेवर जेवा, मन प्रसन्न ठेवा. मागे बसलेली एक जण म्हणाली, "ताई, पाणी पहाटे चारला येतं. तेव्हापासून मी चालतेच आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग लाज वाटली, कारण ते पत्रक मीच लिहिलं होतं.

मैत्रिणींनो, हा सल्ला एकट्या बाईच्या गळ्यात मारायला माझा विरोध आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. (घरकाम करणारे पुरुष मुळात किती थोडे, ते वेगळंच.) २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. शेवटी जेवणारीच्या ताटात उरलंसुरलं पडतं, आणि आपण तिला लोहाच्या गोळ्या देऊन त्याच घरी परत पाठवतो. झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणाली, तर 'टेन्शन घेऊ नका'. घरी मारहाण होते का, हे कुणी विचारतच नाही.

यापुढे शिबिराला नवरे, सासवा, मुलगे यांनाही बसवा. भाकऱ्या कोण थापतं, आधी कोण जेवतं, यावर तिथेच बोलणं होऊ द्या. आणि मोर्चाच्या दिवशी नुसत्या चहावर राहणाऱ्या आपण कार्यकर्त्या? हिमोग्लोबिन तपासलंय कुणी? मी परवा पहिल्यांदा तपासलं. साडेनऊ.